हस्तकलेचे मोल



गोव्यात १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियामातेस भारतीय स्त्रीच्या वेषात रंगविले, ते त्यांच्या स्वजनांसच रुचले नाही. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांस आसरा दिला. १९६७ साली ते निवर्तले; आज त्यांची चित्रे गोव्यातच पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात जपली जातात. घरच्या कलावंताचे मोल घरास असे उशिरा कळते.

आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी मातीच्या मूर्ती घडविते. महानगरपालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरविते, तेथे तिने दुकान मांडले. परके लोक सांगितलेली किंमत देत; आपले लोक मात्र ‘घरचीच आहे’ म्हणून भाव पाडीत.

याहून लाजेची गोष्ट आमची आहे. नाताळच्या गोठ्याच्या मूर्ती आम्ही तिच्याकडून वर्षानुवर्षे घेतल्या, वेदीपुढे तिची स्तुती केली. पण मोबदला कधी विचारला नाही. माती मळणे, वाळविणे, भाजणे, रंगविणे, यांत एकेका मेंढरामागे तिचे किती दिवस जातात, हेही आम्ही पाहिले नाही.

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत जादा तासांचे वेतन मोजून घेणारे आपण. मग तिच्या हातांचे तास फुकट कसे? संत योसेफ सुतार होता. नाझरेथचे घर त्याच्या हातांवर चालले.

या महोत्सवी वर्षी गोठ्याचे दाम आम्ही प्रथम चुकते करू. प्रांगणातील प्रदर्शनात आपणही ‘कमी करा’ म्हणू नये, एवढीच विनंती.