गाठीचे दोन हिशेब



अंगठी साबण लावूनही निघेनाशी होते, चाळिशीत चपलेचा नंबर वाढतो, खालच्या दातांत फटी पडतात. अ‍ॅक्रोमेगॅलीची ही लक्षणं तुम्ही ऐकलेली आहेत. पिट्युइटरी ग्रंथीतली गाठ ग्रोथ हार्मोन भरमसाट बनवते आणि त्यामुळे यकृतातून आयजीएफ-१ वाढतो, हेही ठाऊक आहे. मला आज एवढंच सांगायचंय की गाठ वाढणं आणि गाठीनं हार्मोन बनवणं, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

मी पॅथॉलॉजिस्ट. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ माझ्याकडे तपासायला येते. रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक विचारतात, ‘केवढी होती? कॅन्सर नाही ना?’ कॅन्सर जवळजवळ कधीच नसतो. पण म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून मोकळं व्हायचं नसतं हो!

पिठाच्या गिरणीचं बघा. एक गिरणी खोलीएवढीच, पण रात्रंदिवस दळतेय, गावभर पीठ. दुसरी दळते बेताचं, पण शेजारच्या भिंती फोडून पसरत चाललीय. पहिल्या प्रकारच्या गाठीच्या पेशी हार्मोनच्या कणांनी ठासून भरलेल्या असतात. विशिष्ट रंग दिला की सगळी पेशी तपकिरी दिसते. दुसरीत कण विरळ. तिथे केराटिनचा रंग दिला की केंद्रकाला खेटून एक गोल ठिपका उमटतो, आणि केंद्रक बाजूला दबलेलं दिसतं. ही गाठ बहुधा तरुण वयात सापडते, आकारानं मोठी असते, आजूबाजूला घुसते आणि हार्मोन आटोक्यात आणणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडच्या इंजेक्शनांना कमी दाद देते.

आता गिरणीचं बटण. मेंदूतून ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोन निरोप येतात. १९८९ साली दाखवून दिलं गेलं की काही गाठींत जीएस नावाच्या प्रथिनात बदल होतो आणि ‘चालू’चं बटण दाबलेलंच राहतं. साधारण ३० ते ४० टक्के गाठींत हे आढळतं. त्याच बटणानं पेशींच्या वाढीलाही रेटा मिळतो. तरीही अशा गाठी बऱ्याचदा लहानच असतात! पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं: लहान गाठ म्हणजे कमी हार्मोन नव्हे.

वाढीचा अंदाज केआय-६७ या आकड्यावरून येतो. किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत, ते तो सांगतो. बहुतेकांत तो ३ टक्क्यांच्या आत असतो. त्याच्या वर गेला, तर आम्ही जास्त लक्ष ठेवायला सांगतो. रिपोर्टमध्ये कणांचा प्रकार आणि हा आकडा लिहिलाय का, विचारा. लाजू नका. फाइल तुमची आहे.

आणि औषधांचंही तेच. पेग्व्हिसोमंट हे औषध ग्रोथ हार्मोनचा परिणाम अडवतं, आयजीएफ-१ उतरतो, पण गाठीला ते हात लावत नाही. गावात पीठ पोचेनासं झालं, गिरणी मात्र जागेवरच! म्हणून रक्ताचा रिपोर्ट छान आला, तरी एमआरआय चुकवायचा नाही.

घराण्यात चालणाऱ्या, एआयपी जनुकाशी निगडित गाठींबद्दलही बोलायचं होतं, पण वेळ संपलीय. घरात विशीतला रुग्ण असेल, तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.