शांतता समितीच्या बैठकीत आपण कुठं आहोत?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं द्या.

गेल्या पावसाळ्यात आपल्या तालुक्याला दोन दिवस बंद होता. आठवडी बाजार भरला नाही. आमच्या गटातल्या चौघींची भेंडी आणि गवार घरातच सुकून गेली. एकीची मुलगी कॉलेजातून निघाली, पण एसटी नाही म्हणून स्टँडवरच अडकली. संध्याकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात जाळपोळ होती, पळणारी माणसं होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आपल्या तालुक्यात, आत्ता’. आम्ही घाबरलो. खरं सांगायचं तर आम्हीच तो तीन ग्रुपवर पुढं पाठवला.

रात्री कळलं की व्हिडिओ जुना होता, आणि दुसऱ्याच राज्यातला. मुलगी ओळखीच्या रिक्षानं सुखरूप घरी आली. पण तोवर पलीकडच्या वस्तीवरच्या बाया दारं लावून बसल्या होत्या. त्यातल्या दोघी आमच्याच बचत गटातल्या. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. आम्हाला त्याची फार लाज वाटली.

तेव्हापासून आमच्या मनात एक प्रश्न आहे. वरती राजकारण तापतं तेव्हा खालच्या गल्लीत शांतता राहते ती कुणामुळं? म्हणून आज तुम्हाला भिवंडीची हकिगत सांगतो.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातलं यंत्रमागाचं शहर. गल्लोगल्ली मागांची खडखड, आणि मागावर काम करायला लांबलांबून आलेली माणसं. या गावाचं नाव दंगलीसाठी वाईट झालं होतं. १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथं मोठी दंगल झाली. १९८४ साली पुन्हा भडका उडाला, तो ठाण्या-मुंबईपर्यंत पसरला, आणि दोनशेहून जास्त माणसं मेली.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. तोवरची रीत अशी, की गडबड झाली की पोलिसांच्या गाड्या आणायच्या, जमावबंदी लावायची आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना बोलावून शांतता समितीची बैठक घ्यायची. म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायची. खोपडे यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. सगळं शांत असतानाच त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आणि पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांवर भर होता. पोलीस त्यांच्यात येऊन बसायचे. अशा सत्तरच्या आसपास समित्या झाल्या.

या बैठकांत काय व्हायचं? मोठमोठी भाषणं नव्हेत. गल्लीतली रोजची भांडणं तिथं मिटवायची. आपल्याला ठाऊक आहे, नळावर हंड्यावरून दोन बायांचं वाजतं. दोघी एकाच जातीच्या असल्या तर ते नळावरचं भांडण राहतं. वेगवेगळ्या धर्माच्या असल्या आणि वातावरण तापलेलं असलं, तर त्याच हंड्याची दंगल होते. म्हणून ते भांडण हंड्याएवढं आहे तोवरच मिटवायचं. त्यातून आणखी एक गोष्ट घडली. पोलिसाला माणसं नावानं ओळखू लागली आणि माणसांना पोलीस ओळखू लागला.

मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि देशभर आगडोंब उसळला. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत भीषण दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे. काही पोलीस पक्षपातानं वागले, असंही त्या आयोगानं स्पष्ट लिहिलं. एवढ्या मोठ्या, एवढा बंदोबस्त असलेल्या शहराचं हे झालं. आणि जवळची भिवंडी, जी आधी दोनदा होरपळली होती, ती शांत राहिली.

मुंबईनंही त्यातून धडा घेतला. दंगलीनंतर तिथं सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला समित्यांचं काम उभं केलं.

पण बायांनो, समिती एकदा केली की कायमचं झालं, असं नसतं. त्याच भिवंडीत २००६ साली एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला. गोळीबारात दोघं गेले, जमावानं दोन पोलिसांना मारलं. घर रोज झाडावं लागतं, तसंच हे काम आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या पोलीस ठाण्यातही गणपती आणि ईदच्या आधी शांतता समितीची बैठक होते. त्यात बाया किती असतात? आम्ही चौकशी केली तेव्हा आमच्या गावातून फक्त तीन पुरुषांची नावं होती. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी तंटामुक्त समित्या आहेत. तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली, हे ग्रामसभेत विचारा.

कायद्याचंही थोडं सांगतो. जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही. संचारबंदी म्हणजे घराबाहेरच पडायचं नाही. दोन्ही वेगवेगळ्या आहेत. पूर्वी याला कलम १४४ म्हणत. जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १६३ आहे. आदेश लागला की तो कोणत्या भागाला आणि किती दिवसांसाठी आहे, ते वाचून घ्या. दूध, दवाखाना, बाळंतपण यांना त्यात काय सूट आहे, ते ठाण्यात विचारा. विचारायला भिऊ नका. आणि बाईला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. फारच अपवादाची वेळ असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

आम्ही आमच्यापुरतं तीन गोष्टी ठरवल्यात. दंगलीचा कुठलाही व्हिडिओ आला की आधी त्या भागातल्या ओळखीच्या बाईला फोन करायचा, खात्री नसेल तर तो तिथंच पुसून टाकायचा. पुढच्या शांतता समितीसाठी गटातल्या दोन नावांचा अर्ज ठाण्यात द्यायचा, एक आपल्या आळीतली आणि एक पलीकडच्या वस्तीवरची. आणि गटाची बैठक एक महिना इकडं, एक महिना तिकडं घ्यायची.

पहिली बैठक आम्ही पलीकडं घेतली. त्या दोघींच्या घरी जाऊन माफी मागितली. एकीनं चहा ठेवला. दुसरी म्हणाली, “व्हिडिओ पाठवायच्या आधी मला एक फोन केला असता, तर मी सांगितलं नसतं का?” आम्ही काय बोलणार? तिचाच नंबर आता आमच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेला आहे.

तुमच्या वहीत पलीकडच्या वस्तीचा नंबर आहे का? नसला तर या आठवड्यात जाऊन घेऊन या. भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.