पाळीची तारीख आणि गर्भाचे दिवस



लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या त्या काळी हजारो कामगार एकेका खोलीत दाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि कुटुंब गावी ठेवीत. गणपतीला किंवा शिमग्याला रजा मिळाली की घरी जाणे होई. अशा संसारांत गर्भाच्या दिवसांचा हिशेब न समजल्यामुळे किती स्त्रियांवर विनाकारण संशय आला असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. गिरण्या गेल्या, तो संशय मात्र अद्याप गेलेला नाही. म्हणून आज हा हिशेब उलगडून पाहू.

एक उदाहरण घेऊ. स्त्रीची शेवटची पाळी 20 ऑगस्टला सुरू झाली. पती 1 सप्टेंबरला गावी आला. 15 ऑक्टोबरला डॉक्टरांनी कागदावर लिहिले, ‘आठ आठवडे’. पतीच्या मोजणीने सहाच आठवडे भरतात. मग उरलेले दोन आठवडे कोणाचे? उत्तर साधे आहे. गर्भधारणेचा नेमका दिवस सहसा ठाऊक नसतो, म्हणून वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजते. पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. या स्त्रीचे बीज 2-3 सप्टेंबरच्या सुमारास सुटले असणार. डॉक्टरांचा कागद खरा आणि ती स्त्रीही खरी.

स्त्रीबीज केव्हा सुटते, याविषयी शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांतही एकमत नव्हते. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी 1920 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, मोजणी मागच्या पाळीपासून पुढे न करता पुढच्या पाळीपासून मागे करावी. बीज पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात हा चौदावा दिवस, तर पस्तीस दिवसांच्या चक्रात एकविसावा. बीज जेमतेम एक दिवस टिकते, पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत जगू शकते. त्याच दशकात गिरगावात राहून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक (1927) काढणारे र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो. पुढे 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून शास्त्रीय नोंदींसह टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यासाठी बीज परिपक्व होण्याची वेळ तासांच्या हिशेबाने साधावी लागते.

आता ‘लवकर आलेल्या पाळी’विषयी. आपल्या उदाहरणातील स्त्रीला 12 सप्टेंबरला थोडा डाग दिसला असता, तर तिने तीच पाळी समजून मोजणी सुरू केली असती. गर्भ रुजण्याच्या सुमारास काहींना असा अल्प स्राव होतो. खऱ्या तारखेने प्रसूती 27 मेच्या सुमारास अपेक्षित; चुकीच्या तारखेने 19 जून. तेवीस दिवसांचा हा फरक लहान नाही. वेळेवर जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे ठरते, आणि दिवस उलटून गेलेली गर्भवती निश्चिंत राहते. नेहमीपेक्षा लवकर, कमी आणि वेगळा स्राव झाल्यास तो वेगळा नोंदवावा व मूत्रचाचणी करावी. त्याबरोबर पोटात एका बाजूस तीव्र कळ किंवा भोवळ आल्यास गर्भ नलिकेत असण्याचा संभव असतो. तेव्हा क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

शिक्षकांना एक सांगणे. मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षे अनियमित असणे स्वाभाविक आहे. त्यावरून कोणताही तर्क करू नये. तसेच पाळी अनियमित असता, किंवा बाळंतपणानंतर ती परत येण्यापूर्वी, दिवस मोजून गर्भ टाळण्याचा भरवसा धरू नये. बीज आधी सुटते, पाळी नंतर येते.

जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ 1973 पासून घरोघरी भिंतीवर आहे. त्यातील तारखेभोवती पेन्सिलीने काढलेले वर्तुळ हा उत्तम दस्तऐवज होय. तारीख आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीने गर्भाचे वय साधारण आठवड्याच्या फरकाने कळते. पुढे फरक वाढत जातो. म्हणून गावातील आशाताईंकडे गर्भवतीची नोंद पहिल्या तिमाहीतच व्हावी, हे पंचायत सदस्यांनी पाहावे.