कागदावर उतरणारें प्रमाण

घर बांधावयाचें किंवा जुन्या घराची फेररचना करावयाची ठरली, कीं घरांत पहिली वस्तु येते ती नकाशाचा कागद. वडील मंडळी तो मेजावर पसरतात, मुलें आपापल्या खोल्या शोधूं लागतात, आणि गृहिणी स्वयंपाकघराच्या चौकोनावर बोट ठेवून ओटा कोठें, मोरी कोठें, खिडकी कोणत्या दिशेला, असे प्रश्न विचारूं लागते. कागदाच्या उजव्या कोपऱ्यांत ‘प्रमाण १:५०’ एवढीं अक्षरें छापलेलीं असतात. त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं; आणि गेलेंच, तर त्यांवर सर्वांचा विश्वास बसतो, कारण तीं छापलेलीं असतात. परंतु प्रमाण छापलेलें आहे म्हणून कागद त्या प्रमाणांत आहेच, असें आज धरून चालतां येत नाहीं. असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं नकाशा कागदावर उतरतो कसा, हें थोडें पाहिलें पाहिजे.

पूर्वीं आरेखक लाकडी फलकावर कागद ताणून बसवी, आणि टी-स्क्वेअर व त्रिकोणी पट्ट्या यांच्या साहाय्यानें रेघा ओढी. पहिली रेघ ओढण्यापूर्वींच त्याला प्रमाण ठरवावें लागे. घर केवढें आणि कागद केवढा, याचा मेळ घालून तो १:१०० किंवा १:५० हें प्रमाण निश्चित करी, आणि मग प्रत्येक रेघ त्याच प्रमाणाच्या मोजपट्टीनें मोजून घेई. पारदर्शक कागदावरून निघणारी निळी प्रत किंवा अमोनियाची प्रत मूळ कागदाच्या अंगाला अंग लावूनच निघे. म्हणून तिचा आकार मुळाएवढाच राही. प्रमाण हें त्या काळीं हाताच्या हालचालींतच मुरलेलें होतें.

संगणकानें हा क्रम उलटा केला. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत आयव्हन सदरलँड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाची योजना सिद्ध केली. तिच्यांत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेघा काढतां येत. पुढें १९८२ सालीं घरगुती आकाराच्या संगणकावर चालणारें ‘ऑटोकॅड’ बाजारांत आलें, आणि हळूहळू लाकडी फलक आरेखनशाळांतून नाहींसे झाले. या नव्या पद्धतींत आरेखक रेघ लहान करून काढीत नाहीं. भिंत २३० मिलिमीटर जाड असेल तर तो २३० हाच आंकडा देतो. खोली ३६०० मिलिमीटर लांब असेल तर रेघही ३६०० चीच काढतो. पडद्यामागील त्या जागेला ‘मॉडेल’ म्हणतात, आणि तेथें सारें घर पूर्ण आकारानें उभें असतें. त्याला प्रमाण असें नसतेंच. प्रमाणाचा जन्म होतो तो कागद छापतेवेळीं. म्हणजे जो निर्णय पूर्वीं सर्वांत आधीं होत असे, तो आतां सर्वांत शेवटीं होतो. आणि शेवटची वेळ ही बहुधा घाईची वेळ असते.

छापण्याची आज्ञा देतांच संगणक आरेखकापुढें एक चौकट उघडतो, आणि तींत पांच मुख्य प्रश्न विचारतो. कोणत्या यंत्रावर छापावयाचें? कोणत्या आकाराच्या कागदावर? नकाशाचा कोणता भाग? कोणत्या प्रमाणांत? आणि कोणती रेघ किती जाड? या पांच उत्तरांच्या समुच्चयाला ‘पेज सेटअप’ म्हणतात. उत्तरें बरोबर असलीं तर कागद खरें बोलतो. एक जरी चुकलें, तरी कागद तितकाच नीटनेटका दिसतो, पण खोटें बोलूं लागतो.

प्रथम कागदाचा विचार करूं. सध्यां बहुतेक देशांत रूढ असलेली ‘ए’ मालिका १९२२ सालीं जर्मनींत प्रमाणभूत ठरली. तिच्यांतील सर्वांत मोठा कागद ए० हा ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळानें एक चौरस मीटर असतो. तो मधोमध दुमडला कीं ए१, तो दुमडला कीं ए२, याप्रमाणें ए४ पर्यंत उतरत यावें. प्रत्येक कागदाच्या बाजूंचें गुणोत्तर तेंच राहतें, आणि त्यामुळें मोठा नकाशा लहान कागदावर बेमालूम मावतो. हीच सोय घातकही ठरते. ए१ वर १:५० या प्रमाणांत मांडलेला नकाशा ए३ वर छापला, तर प्रत्येक लांबी निम्मी होते आणि खरें प्रमाण १:१०० होतें. कोपऱ्यांतील अक्षरें मात्र १:५० असेंच सांगत राहतात. तरी ही चूक फारशी भयंकर नव्हे. साडेतीन मीटरांची खोली पावणेदोन मीटरांची निघाली, तर साधा गवंडीही हंसेल आणि कागद परत पाठवील. मोठी चूक स्वतःच ओरडून सांगते. भय आहे तें लहान चुकीचें.

छापण्याच्या चौकटींत ‘फिट टु पेपर’, म्हणजे ‘कागदांत बसवा’, अशी एक सोय असते. तिच्यावर खूण केली कीं संगणक प्रमाणाचा विचार सोडून देतो, आणि नकाशा कागदावर मावेल तितका मोठा किंवा लहान करतो. तशीच सोय पीडीएफ उघडून छापतांनाही पुन्हां भेटते, आणि तेथें ती पुष्कळदां आपण होऊन लागू झालेली असते. कागदाच्या अगदीं कडेपर्यंत छापणें बहुतेक यंत्रांना साधत नाहीं. समजा, ए४ कागदाच्या दोन्ही बाजूंस ६ मिलिमीटरांची कड सोडावी लागली, तर २१० मिलिमीटर रुंदीचा नकाशा १९८ मिलिमीटरांत आंखडतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाहीं. परंतु त्या नकाशावर स्वयंपाकघराचा ओटा २४०० मिलिमीटरांचा असेल, तर १:५० प्रमाणांत तो ४८ मिलिमीटर भरावयास हवा. तो भरतो ४५ मिलिमीटरांहून किंचित् अधिक. नकाशावर ओट्याचें माप लिहावयाचें राहून गेलेलें आहे, आणि कारागिरानें पट्टी लावून तें काढलें, तर त्याच्या हिशेबीं ओटा सुमारें २२६३ मिलिमीटरांचा ठरतो. ग्रॅनाइटची फरशी १३७ मिलिमीटर आंखूड कापली जाते. लांकूड जोडतां येतें, कापड जोडतां येतें. कापलेला दगड लांबवितां येत नाहीं. येथें कारागिराचा हात चुकला नाहीं, आरेखकाचा आंकडाही चुकला नाहीं. चुकली ती छापतेवेळची एक खूण. पण भुर्दंड पडतो तो बहुधा कारागिराच्या किंवा घरमालकाच्या माथीं.

रेघांच्या जाडीचा प्रश्न असाच वरवर किरकोळ, पण वस्तुतः महत्त्वाचा आहे. १९५९ सालीं अमेरिकेंत ढोलावर कागद फिरवून लेखणीनें रेघ ओढणारा ‘कॅलकॉम्प ५६५’ हा प्लॉटर निघाला. पुढें अनेक लेखण्या धरणारे प्लॉटर आले, आणि पडद्यावरील कोणता रंग म्हणजे कोणती लेखणी, हें यंत्राला सांगण्याची प्रथा पडली: तांबडी रेघ पहिल्या लेखणीनें, पिवळी दुसरीनें, याप्रमाणें. लेखण्या गेल्या, शाईचे फवारे आले; पण ती प्रथा ‘प्लॉट स्टाइल टेबल’ या तक्त्याच्या रूपानें अद्याप टिकून आहे. ऑटोकॅडच्या रंगावर चालणाऱ्या तक्त्यांत २५५ रंगांपैकीं प्रत्येकाला कागदावर कोणता रंग व किती जाडी मिळावी, हें लिहून ठेवतां येतें. छेदलेली भिंत ०.५ मिलिमीटर, दारखिडक्या ०.२५, फरशीच्या रेघा ०.१३, अशी वांटणी केली म्हणजे नकाशा पाहतांच वाचतां येतो. तक्ता निवडावयाचा राहिला, तर भिंत, पलंग आणि फरशी यांच्या रेघा एकाच तोलाच्या होतात, किंवा पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर जवळजवळ पुसल्या जातात. पडद्यावर ठळक दिसणारी रेघ कागदावर मुळींच उमटत नाहीं, असेंही घडतें. कारण ती ज्या थरांत काढलेली असते, तो थर ‘छापूं नये’ या वर्गांतील असतो.

अक्षरांचेंही तसेंच. कागदावर अक्षर २.५ मिलिमीटर उंच हवें असेल, तर पूर्ण आकाराच्या घरांत १:१०० साठीं तें २५० मिलिमीटर, आणि १:५० साठीं १२५ मिलिमीटर उंच लिहावें लागतें. म्हणून जाणते आरेखक चौकट, शीर्षक आणि सूचना हीं ‘लेआउट’ नांवाच्या वेगळ्या जागेंत, कागदाच्याच मापानें मांडतात, आणि त्या कागदाला एक खिडकी पाडून तींतून पूर्ण आकाराचें घर ठराविक प्रमाणांत दाखवितात. खिडकीचें प्रमाण एकदां ठरलें कीं तिला कुलूप घालतां येतें, आणि मग लेआउट छापतांना प्रमाण १:१ एवढेंच ठेवावयाचें असतें.

या सर्वांवर उपाय एकच आहे, आणि तो शिस्तीचा आहे. पांच प्रश्नांचीं उत्तरें दर वेळीं आठवणीनें देऊं नयेत; तीं एकदां विचारपूर्वक ठरवून, नांव देऊन, नमुन्याच्या फायलींत सांठवून ठेवावींत. ‘ए१ काळी’, ‘ए३ तपासणी’ अशीं दोनतीन नांवें असलीं म्हणजे बहुतेक कार्यालयांचें काम भागतें. मग नवा उमेदवार बसो कीं अनुभवी आरेखक, कागद एकसारखाच निघतो. शीर्षकांत नुसतें १:५० असें न लिहितां ‘१:५०, कागद ए१’ असें लिहावें. म्हणजे ए३ वर छापलेली प्रत आपली कबुली आपणच देते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, प्रत्येक नकाशावर १०० मिलिमीटर लांबीची एक साधी रेघ मोजणीसाठीं ठेवावी. कागद आंखडला तर तीही आंखडते, आणि तिच्यावर पट्टी ठेवणाऱ्याला तत्काळ सावध करते.

गृहस्थांनींही येथें आपला वांटा उचलला पाहिजे. ज्ञानेश्वरीची पोथी किंवा वर्तमानपत्र लहानमोठें छापलें म्हणून त्यांतील अर्थ बदलत नाहीं. नकाशाचा अर्थ मात्र मापांतच असतो. वास्तुविशारदाकडून आलेली पीडीएफ घरीं छापावयाची असेल, तर ‘फिट’ ही खूण काढून ‘ॲक्चुअल साइज’, म्हणजे मूळ आकार, ही निवडावी. छापल्यावर मुलांच्या कंपासपेटींतील पट्टी घेऊन ती १०० मिलिमीटरांची रेघ मोजावी. ती ९४ भरली, तर तो कागद कारागिराच्या हातीं देऊं नये. जें माप लिहिलेलें असेल तेंच खरें मानावें. आणि जें लिहिलेलें नाहीं तें कागदावरून मोजून न काढतां वास्तुविशारदाकडून लिहून घ्यावें.

नकाशा हा एका माणसानें दुसऱ्याला दिलेला शब्द आहे. ज्यानें घर कल्पिलें तो बांधकामाच्या जागीं हजर नसतो; तेथें उन्हांत उभ्या असलेल्या गवंड्याच्या हातीं केवळ तो कागद असतो. संगणकानें रेघ अचूक केली, ही मोठीच गोष्ट झाली. ती अचूकता गवंड्याच्या पट्टीपर्यंत सुखरूप पोंचविणें, हें मात्र अद्याप माणसाच्याच हातीं आहे. आणि त्यासाठीं छापण्यापूर्वीं एक मिनिट थांबावें, यापेक्षां अधिक कांहीं लागत नाहीं.