डिस्चार्ज कार्डात न लिहिलेलं



अपघातातून वाचलेला माणूस घरी येतो त्या दिवशी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, शहाळी-सफरचंदांच्या पिशव्या येतात, ‘मोठ्या संकटातून वाचलात’ असं जो तो म्हणतो. आठ-दहा दिवसांत ही वर्दळ ओसरते आणि घरात उरतात ती दोघं. एक पलंगावर, एक पलंगाशी. बरं होण्याचं मोठं काम इथून पुढे असतं आणि त्याबद्दल डिस्चार्ज कार्डात फारसं काही सापडत नाही. औषधांच्या वेळा असतात, टाके काढायची तारीख असते. रात्री दोन वाजता कोणी उठायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावरच्या अपघातांत दगावली, त्यांतली १५ हजार २२४ महाराष्ट्रात. या आकड्यांच्या बातम्या होतात. पण त्याच वर्षी ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले होते. आजचं बोलणं त्यांच्यापैकी संसारी माणसांबद्दल, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त, त्यांच्या नवऱ्या-बायकोबद्दल आहे.

घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं कागदावर उतरवून घ्यावीत. मोडलेल्या पायावर किती वजन टाकायचं आणि कधीपासून? फिजिओथेरपी कुठल्या दिवशी सुरू करायची? आणि कुठली लक्षणं दिसली तर तारखेची वाट न पाहता लगेच यायचं? मांडीचं किंवा नडगीचं हाड पूर्ण जुळायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आत रॉड घातला म्हणजे पाय लगेच पहिल्यासारखा झाला, असं घरचे धरून चालतात आणि तिथे घोटाळा होतो. उलट बाजूनेही होतो. डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलेलं असताना, ‘नको गं, उगीच पडशील’ म्हणून महिनाभर झोपवून ठेवलेली माणसं कमी नाहीत.

घराची तयारी माणूस यायच्या आदल्या दिवशीच करावी. आपल्याकडे खरी अडचण पलंगाची नसते, संडास-बाथरूमची असते. भारतीय पद्धतीच्या संडासात मोडलेल्या पायानं बसता येत नाही, त्यासाठी कमोडची खुर्ची मिळते आणि ती भाड्यानंही मिळते. वॉकर दारातून जातो का, ते आधी मोजून पाहावं. बाथरूमचा उंबरठा, ओली फरशी, पायात येणारं पायपुसणं, या तीन गोष्टी दुसऱ्या अपघाताला आमंत्रण देतात. चाळीत सामाईक संडास असेल तर खोलीतच पडदा लावून आडोसा करावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. तंबाखू आणि सिगारेट हाड जुळायला उशीर करतात, हे भेटायला येणाऱ्या मित्रांनाही स्पष्ट सांगावं.

एक सूचना जीव वाचवणारी आहे. सुजलेली, गरम लागणारी, दुखरी पोटरी कधीही चोळू नये, तेल लावून तर मुळीच नाही. बराच काळ पडून राहिलेल्या माणसाच्या पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर १०८ला फोन करावा.

अमेरिकेतला विख्यात गोल्फपटू बेन होगन याच गाठीमुळे मरता मरता वाचला होता. २ फेब्रुवारी १९४९ रोजी, टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळ, धुक्यात एका ट्रकला ओलांडून पुढे येणारी बस त्याच्या गाडीवर आदळली. शेजारी पत्नी व्हॅलेरी होती. तिला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला. चालकाच्या जागेत स्टिअरिंगचा दांडा घुसला तेव्हा तो तिथे नव्हता. व्हॅलेरीला किरकोळ लागलं. त्याच्या कमरेचं हाड, गळपट्टीचं हाड, घोटा, बरगडी असं बरंच काही मोडलं होतं. काही आठवड्यांत रक्ताच्या गाठी झाल्या आणि न्यू ऑर्लिन्सहून सर्जन आणून पोटातली मोठी शीर बांधावी लागली. पुन्हा चालेल की नाही, याचीच शंका होती. घरी आल्यावर त्यानं दिवाणखान्यातच फेऱ्या मारायला सुरुवात केली, मग घराबाहेर, मग गल्लीभर. पायांना पट्ट्या गुंडाळून तो जून १९५०मध्ये अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकला.

ही गोष्ट सांगताना त्याच्या जिद्दीचं कौतुक होतं आणि ते योग्यही आहे. पण घरच्यांनी लक्ष द्यावं ते त्या दिवाणखान्यातल्या फेऱ्यांकडे. त्या कोणी त्याच्याऐवजी मारू शकत नव्हतं.

प्रेमाच्या माणसाचं दुखणं बघवत नाही, म्हणून जोडीदार सगळं हातात देतो. पाण्याचा पेला, चष्मा, मोबाईल, भरवलेला घास. १९८७ साली हर्टा फ्लोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांचा आणि त्यांच्या पती-पत्नींचा अभ्यास केला. जिथे जोडीदार प्रत्येक कण्हण्याला धावून जात होता, तिथे रुग्णाचं दुखणं जास्त आणि हालचाल कमी आढळली. याचा अर्थ माया कमी करावी, असा नाही. मायेची वेळ बदलावी. तो कण्हला की जवळ बसण्याऐवजी तो स्वतःहून वॉकर धरून खिडकीपर्यंत गेला की जवळ बसावं, चहा तिथे घ्यावा. दाढी त्याची त्यानं करावी, आरसा तेवढा धरावा. तिला ओट्याशी उभं राहता येत नसेल तर पलंगावर बसून भाजी निवडू द्यावी. भाजी उशिरा होईल, होऊ द्यावी. आपण घरात कामाचे आहोत, हे कळणं औषधाइतकंच गरजेचं असतं.

आता शुश्रूषा करणाऱ्याकडे वळू. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. या हिशेबावर अपघात येऊन पडतो. नवरा जखमी झाला तर बायकोच्या पाच तासांवर शुश्रूषा चढते, बँक चढते, पोलीस ठाणं चढतं. बायको जखमी झाली तर अनेक घरांत पहिला प्रश्न निघतो तो, ‘हिला माहेरी पाठवायचं का?’ तिच्या आईनं करावं, असं सगळे गृहीत धरतात. काही वेळा ते सोयीचं असतं. पण नवऱ्याला ड्रेसिंग, आंघोळ, बेडपॅन जमणार नाही, हे ठरवून टाकू नये. हे शिकता येतं आणि रुग्णालयातली सिस्टर दोन दिवसांत शिकवते. बायकोला बेडपॅन देणारा नवरा घरात मुलांनी पाहिला, तर त्यात त्यांचंही भलंच आहे.

शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा मोजता येतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झारिट यांनी १९८० साली त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यातले प्रश्न साधे आहेत: स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, आपली तब्येत बिघडली आहे का. या प्रश्नांना ‘हो’ म्हणणारी बायको वाईट नसते. ती दमलेली असते. आपल्याकडे तिला कुणी विचारत नाही. येणारा प्रत्येक जण ‘यांना कसं आहे आता?’ एवढंच विचारतो आणि तिच्या हातचा चहा पिऊन जातो.

म्हणून कामाची वाटणी कागदावर करावी आणि तो कागद फ्रिजवर लावावा. हे इंग्लंडमधल्या एका घरानं फार पूर्वी करून पाहिलं. अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांना १९६५ साली मेंदूत रक्तस्राव झाला. कारण अपघाताचं नव्हतं, पण घरावर आलेली वेळ तीच होती: बोलणं गेलं, एक बाजू लुळी पडली, पदरी मुलं, त्यात पोटात बाळ. त्यांचे पती, लेखक रोआल्ड डाल यांनी ग्रेट मिसेंडन या गावातल्या शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. रोज ठरलेल्या तासांना कुणीतरी यायचं, शब्द म्हणून घ्यायचं, वाचून घ्यायचं. नील यांनी १९६८च्या एका चित्रपटात पुन्हा काम केलं आणि ऑस्करसाठी त्यांचं नामांकनही झालं. डाल यांच्या कठोरपणावर पुढे टीका झाली आणि १९८३ साली दोघं विभक्त झाले. शिकवण्याचं काम शेजाऱ्यांत वाटून दिलं, हे मात्र शहाणपणाचं होतं.

आपल्याकडे मदत करायला माणसं तयार असतात, पण ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात आणि आपण सांगत नाही. तेव्हा नेमकं काम सांगावं. वहिनींनी मंगळवारी आणि शुक्रवारी डबा द्यावा. भावजींनी एक्स-रेच्या दिवशी गाडी आणावी. सोसायटीतल्या काकांनी संध्याकाळी तासभर रुग्णाशी पत्ते खेळावेत आणि त्या तासात बायकोनं घराबाहेर पडावं, बाजाराला नव्हे, नुसतं चालायला. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कुणीतरी रुग्णाच्या खोलीत झोपावं. झोप मोडत राहिली की भांडणं वाढतात, मग त्यांना दुसरी कारणं शोधली जातात.

डोक्याला मार लागला असेल तर घरच्यांची परीक्षा अधिक कठीण. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. टाके निघालेले, केस आलेले. पण मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की संयम जातो. शांत स्वभावाचा नवरा ताट भिरकावतो, पाहुण्यांसमोर नको ते बोलतो, सांगितलेलं तासाभरात विसरतो, दुपारीच थकून जातो. बायकोला वाटतं, हा बदलला, किंवा मुद्दाम करतो. सासरचे म्हणतात, हिच्या कटकटीनं चिडतो. दोन्ही चूक. इजा मेंदूला आहे आणि तिच्यावर उपचार आहेत, म्हणून हे वागणं तारखेसह वहीत लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवावं. घरात टीव्ही, मिक्सर आणि चार माणसांचं बोलणं एकाच वेळी चालू ठेवू नये. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. वाद चढू लागला तर विषय तिथेच सोडून खोलीबाहेर पडावं. आणि हात उचलला गेला तर ‘आजारपण आहे’ म्हणून सहन करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावं.

दुसरी जखम भीतीची. ब्रेकच्या आवाजानं दचकणं, अपघात स्वप्नात येणं, त्या रस्त्याचं नावही नको होणं, हे पहिल्या काही आठवड्यांत स्वाभाविक असतं. महिना उलटूनही तेवढंच राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. गाडी नवरा चालवत होता आणि लागलं बायकोला, अशा घरात आणखी एक गोष्ट घडते. तो अपराधी वाटून बोलेनासा होतो, ती त्याला बरं वाटावं म्हणून दुखणं लपवते, आणि तिचा भाऊ एखादं वाक्य बोलून जातो. या जोडप्यानं अपघाताबद्दल एकदा नीट, पूर्ण बोलायला हवं. जमत नसेल तर समुपदेशकासमोर बोलावं. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीतूनही बोलता येतं आणि शुश्रूषा करणाऱ्यांनीही तिथे फोन करावा.

मुलांपासून लपवाछपवी करू नये. बाबांचा पाय मोडला आहे, जुळायला दिवाळीपर्यंत वेळ लागेल, अंगावर उडी मारायची नाही, शेजारी बसून गोष्ट ऐकायची, एवढं पाच वर्षांच्या मुलाला कळतं.

एक विषय आपल्याकडे डॉक्टरांसमोरही निघत नाही, तो नवरा-बायकोच्या जवळिकीचा. कमरेचं हाड मोडलं, मणक्याला मार लागला, की शरीरसंबंध कधीपासून, कुठल्या स्थितीत सुरक्षित, हा प्रश्न अस्थितज्ज्ञांना सरळ विचारावा. ते सांगतात. तोवर स्पर्श फक्त ड्रेसिंगपुरता उरू नये. दिवसभर ज्या हातांनी लघवीची पिशवी रिकामी केली, तेच हात रात्री हातात घेणं दोघांनाही अवघड जातं. म्हणूनच ते काम शक्य असेल तेव्हा अटेंडंटकडे किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावं.

पैशाचं थोडक्यात. केंद्र सरकारच्या ५ मे २०२५च्या योजनेनुसार, रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत रोख न भरता उपचार मिळतात. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि प्रत्येक बिल एकाच फाइलमध्ये ठेवावं, अटेंडंटला दिलेल्या पगाराच्या सहीच्या पावत्यांसकट. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करण्याची तरतूद कायद्यात आहे. तारीख टळली असली तरी वकिलांना विचारल्याशिवाय आशा सोडू नये. जखमी गृहिणी असेल तर ‘तिची कमाई नव्हती’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नये. घरकामाचं मोल धरून भरपाई ठरवावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१च्या निकालातही सांगितलं आहे. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

आणि गाडीत पुन्हा बसण्याची वेळ येईल तेव्हा पहिली फेरी दिवसाची, ओळखीच्या रस्त्यावरची, दहा मिनिटांची ठेवावी. जखमी व्यक्तीनं आधी शेजारच्या सीटवर बसावं. स्टिअरिंग हातात घेण्यासाठी मात्र अस्थितज्ज्ञांची, आणि डोक्याला मार लागला असेल तर न्यूरॉलॉजिस्टचीही, लेखी परवानगी घ्यावी. जोरात ब्रेक दाबता येतो का आणि गुंगी आणणारी गोळी अजून चालू आहे का, हे दोन प्रश्न त्याच भेटीत विचारून घ्यावेत.