दिव्यांगांचा हक्क आणि आपलें कर्तव्य
(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं आपण सर्वांनीं मिळून हर्ष करावा हें योग्यच आहे. परंतु आपल्या कुटुंबांपैकीं आज येथें कोण येऊं शकलें नाहीं, हेंही पाहण्याचा हा दिवस होय. आपल्या वसई तालुक्यांत वाडीवाडींतून एकादें घर असें असतें, कीं पाहुणे आले म्हणजे जेथील मूल आंतल्या खोलींत नेलें जातें. एकादा गृहस्थ असा असतो, कीं अर्धांगाचा झटका आल्यापासून ज्यानें अंगण ओलांडलेलें नाहीं. अशांसाठीं सरकारनें काय तजवीज केली आहे, व ती पदरांत कशी पाडून घ्यावी, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर करूं. पुष्कळांस वाटतें कीं, सरकारी अनुदान मागणें म्हणजे हात पसरणें. कष्ट करून पोट भरणाऱ्या आपल्या लोकांस हें जड जातें, तें आम्हांस समजतें. परंतु राज्यघटनेच्या 41 व्या कलमांत, आजारपण व अपंगत्व ह्या प्रसंगीं राज्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें साहाय्याची तरतूद करावी, असें सांगितलें आहे. 1995 च्या कायद्यानें सात प्रकारचें अपंगत्व मानलें होतें. 2016 च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें ती संख्या 21 वर नेली. ह्या कायद्याच्या नांवांतच ‘हक्क’ हा शब्द आहे. हक्क मागणाऱ्यास खालीं मान घालण्याचें कारण नाहीं.

ह्या 21 प्रकारांत केवळ आंधळेपण, बहिरेपण व लंगडेपण येत नाहीं. ऑटिझम, मतिमंदत्व, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सनचा कंपवात, आम्लहल्ल्यानें झालेली विद्रूपता, मुलास वाचन-लेखनांत येणारी विशिष्ट अडचण, हींही त्यांत आहेत. म्हणून ‘आमचा मुलगा चालतो-फिरतो, तो कसला दिव्यांग?’ असें म्हणून कोणी स्वस्थ बसूं नये.

आतां कृतीकडे वळूं. सर्व लाभांचें दार एकच आहे: दिव्यांगत्वाचा दाखला व त्याबरोबर मिळणारें ओळखपत्र, ज्यास ‘यूडीआयडी’ असें म्हणतात. त्यासाठीं केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ ह्या संकेतस्थळावर अर्ज करावा. आधारपत्र, राहण्याचा पुरावा, छायाचित्र व पूर्वींच्या उपचारांचे कागद हातीं ठेवावे. नंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयांत तपासणी होते, व दिव्यांगत्व किती टक्के आहे तें डॉक्टर लिहून देतात. बहुतेक योजनांस किमान 40 टक्के लागतात. दाखला कायमचा आहे कीं ठराविक मुदतीचा, हें त्याच दिवशीं वाचून घ्यावें; मुदत संपली कीं अनुदानही थांबूं शकतें. टक्केवारी चुकली असें वाटल्यास त्याच कायद्याच्या 59 व्या कलमान्वयें अपील करतां येतें; तें मात्र मुदतींत करावें.

दाखला हातीं आल्यावर काय मिळतें? आपल्या राज्यांत संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयांत जातो. उत्पन्नाची मर्यादा आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला व महाराष्ट्रांतील रहिवासाचा पुरावा लागतो. 2025 सालीं राज्य मंत्रिमंडळानें दिव्यांगांसाठीं ही रक्कम दरमहा 1500 वरून 2500 रुपये करण्याचा निर्णय घेतला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील ज्यांचें दिव्यांगत्व 80 टक्के वा अधिक आहे, त्यांच्यासाठीं केंद्राची निराळी निवृत्तिवेतन योजना आहे. तसेंच ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका ह्यांनीं आपल्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठीं खर्च करावा, असा राज्याचा आदेश आहे. तो खर्च कशावर झाला, असें विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे. तो ग्रामसभेंत बजावावा.

ज्या आईबापांचें मूल मतिमंद आहे, किंवा ज्यास ऑटिझम वा सेरेब्रल पाल्सी आहे, त्यांच्या मनांत एकच प्रश्न रात्रंदिवस असतो: आमच्या मागें ह्याचें कसें होईल? ह्या प्रश्नाकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानें लक्ष दिलें आहे. मूल 18 वर्षांचें झालें कीं, कायद्याच्या दृष्टीनें आईबाप आपोआप त्याचे पालक राहत नाहींत. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा. आईबाप धडधाकट असतांनाच हें काम उरकावें. त्याच न्यासाची ‘निरामय’ नांवाची आरोग्यविमा योजना आहे; तींत 1 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची सोय आहे.

मग अर्ज अडतात कोठें? आपल्या लोकांत पहिली अडचण नांवाची. बाप्तिस्म्याच्या नोंदींत एक नांव, शाळेंत घरगुती नांव, आधारपत्रावर आडनांवाचें तिसरेंच रूप! ‘डिमेलो’ कोठें जोडून, कोठें तोडून. ही तफावत आधीं दुरुस्त करावी. दुसरी अडचण बँकेची: खातें आधारशीं जोडलेलें नसेल तर मंजूर पैसाही पोंचत नाहीं. तिसरी, दरवर्षींच्या हयातीच्या दाखल्याची. तो चुकला कीं अनुदान बंद पडतें. चौथी, दलालाची. ओळखपत्राच्या अर्जास शुल्क नाहीं. ‘टक्के वाढवून देतों’ म्हणणाऱ्यास दारांत उभें करूं नये. प्रत्येक कागदाची नक्कल ठेवावी, व अर्ज दिल्याची पोंच घेतल्यावांचून कचेरीबाहेर पाऊल टाकूं नये.

हें सर्व वाचतांना सोपें आहे. पण जिचा नवरा अंथरुणाला खिळला आहे, त्या बाईस रुग्णालयाच्या रांगेंत दिवस घालविणें सोपें नाहीं. तिची एका दिवसाची मजुरी बुडते, व मागें रोग्याजवळ कोणी नसतें. येथेंच आपलें कर्तव्य सुरू होतें. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक वाडींतून दोन शिकलेल्या तरुणांनीं हें काम शिकून घ्यावें; एकानें कागद जमवावे, दुसऱ्यानें सोबत जावें. ज्याच्याकडे वाहन आहे त्यानें तपासणीच्या दिवशीं तें द्यावें. शेजारणीनें दोन घटका रोग्याजवळ बसावें. आणि मदत करितांना घरचें दुःख चव्हाट्यावर आणूं नये. विश्वास गेला तर दार पुन्हां उघडणार नाहीं.

ह्या महोत्सवानिमित्त देवळास रंग दिला, तें शोभलें. आतां पुढील वर्षभरांत आपल्या धर्मग्रामांतील एकही पात्र मनुष्य दाखल्यावांचून राहूं नये, असा निश्चय आपण येथें करूं या.