आपली सामायिक ग्रंथसूची

महाराष्ट्राचा इतिहास, समाज आणि साहित्य यांवर दिल्लीच्या विद्यापीठांतही संशोधन चालते. कुणी सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहिते, कुणी दलित साहित्यावर, कुणी पेशवाईतल्या महसुलावर. या प्रत्येकाचे पहिले वर्ष-दीड वर्ष जाते ते संदर्भ गोळा करण्यात. कोणते पुस्तक, कोणत्या सालचे, कुठे छापले आणि आज कुठल्या ग्रंथालयात मिळेल, याची टिपणे काढण्यात. प्रबंध मान्य होतो, त्याच्या शेवटी पंधरा-वीस पानांची संदर्भसूची असते आणि ती बांधीव प्रत कपाटात जाते. पुढचा विद्यार्थी तोच शोध पुन्हा मुळापासून सुरू करतो. हे श्रम वाचवता येतील. त्यासाठी आपल्या विषयाची एक सामायिक ऑनलाइन सूची हवी.

मराठीला सूचीचे काम नवे नाही. पुण्याच्या शंकर गणेश दाते यांनी जवळजवळ एकहाती १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. मराठीचा अभ्यासक आजही जुन्या पुस्तकाचा माग काढताना आधी ‘दाते सूची’ उघडतो.

दिल्लीतही असे मोठे काम झाले. मंडी हाऊसजवळच्या रवींद्र भवनात साहित्य अकादमी आहे. तिने १९०१ ते १९५३ या काळातल्या भारतीय भाषांमधल्या ग्रंथांची राष्ट्रीय सूची केली. १९६२ ते १९७४ या बारा वर्षांत तिचे चार खंड निघाले. संपादक होते राष्ट्रीय ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल बी. एस. केशवन आणि व्ही. वाय. कुलकर्णी. मात्र नोंदी रोमन लिपीत होत्या आणि छापील सूची छापली त्या दिवशीच थांबते. पुढे १९८८ मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये ‘डेलनेट’ हे ग्रंथालयांचे जाळे सुरू झाले आणि दिल्लीतली ग्रंथालये एकमेकांच्या तालिका पाहू लागली. आज त्याचे कार्यालय जेएनयूच्या आवारात आहे. पुस्तक कुठे आहे हे अशा तालिकेतून कळते. एखाद्या विषयावर काय काय वाचायला हवे, हे मात्र त्या विषयाच्या अभ्यासकांनीच नोंदवावे लागते.

आता साधने हाताशी आहेत. झोटेरोसारखी संदर्भ नोंदवण्याची मोफत प्रणाली आहे. तिच्यात गट करून दहा गावांतल्या दहा जणांना एकाच सूचीत नोंदी करता येतात. तरीही खरी मेहनत नोंद नीट करण्यात आहे. एक उदाहरण सांगतो. शीर्षकपृष्ठावर फक्त ‘शके १८०४’ असते. त्यात ७८ मिळवून आपण १८८२ लिहितो. पण शकवर्ष चैत्रात सुरू होते. पुस्तक माघ-फाल्गुनात छापले असेल तर इसवी सन १८८३ होतो. म्हणून शके आहे तसे लिहावे आणि इसवी सन शेजारी द्यावा.

दुसरी अडचण लेखनाची. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नावात जुन्या रीतीचे अनुस्वार आहेत. आपण शोधताना ‘साधने’ असे टाइप करतो आणि पुस्तक सूचीत असूनही हाती लागत नाही. ‘अॅ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होते. डोळ्यांना ते सारखेच दिसते, यंत्राला मात्र वेगळे. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी हे एकच, हेही यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. म्हणून मूळ नाव छापल्याप्रमाणे ठेवावे आणि आजच्या लेखनातले रूप व लेखकाची इतर नावे जोडनोंदीत द्यावीत. हे नियम पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून काढावेत.

आणखी एक पथ्य पाळावे. पुस्तक स्वतः हाताळले असेल तरच तसे म्हणावे. दुसऱ्या सूचीतून नोंद उचलली असेल तर त्या सूचीचे नाव द्यावे. एकाची चूक निमूटपणे उतरवून घेतली की ती दहा प्रबंधांत पसरते. आणि सूचीला एक संपादक हवा. दुबार नोंदी काढणारा, शंका विचारणारा. सगळ्यांचे काम कुणाचेच नसते, असे इथे होऊ देऊ नये.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादमध्ये राहणाऱ्या मराठी अभ्यासकांना माझी विनंती आहे. तुमच्या प्रबंधाची संदर्भसूची संगणकात पडून असेल, तर ती या कामाला द्या. जे अभ्यासक नाहीत, त्यांनी घरातल्या जुन्या मराठी पुस्तकांची शीर्षकपृष्ठे पाहावीत. लेखक, मुद्रणालय, गाव आणि साल टिपून ठेवावे. महिन्याला दहा नोंदी केल्या, तरी वर्षात एका माणसाच्या एकशेवीस होतात. दात्यांनी हे काम कागदावर, संगणकाशिवाय केले. आपण निदान दहा जण मिळून ते पुढे नेऊ या.